श्लेषामागचा हिशेब

लपवायची वस्तू कोठे ठेवावी, हे आमच्या आजीला न शिकता ठाऊक होते: हरभऱ्याच्या डब्यात, तळाशी. मी पडलो मराठीचा प्राध्यापक! मला त्यासाठी संगणकाची तबकडी कशी चालते ते शिकावे लागले.

लपवायचे होते ते पैसे नव्हेत, पैशांचा हिशेब. धाकट्या बहिणीला अडीअडचणीला दिलेल्या रकमा सौभाग्यवतींच्या कानी जाऊ नयेत, एवढेच. घरातला संगणक सगळ्यांचा. तेव्हा अभियांत्रिकीला असलेल्या पुतण्याला गुरू केले.

तो म्हणाला, "काका, तबकडी म्हणजे चाळ समजा. एकेक खोली बहुधा ४०९६ बाइटांची. एका खोलीत दोन बिऱ्हाडे ठेवायची नाहीत, हा मालकाचा नियम. तुमचे टिपण ५००० बाइटांचे असले तर त्याला दोन खोल्या मिळतात आणि दुसरीत ३१९२ बाइट मोकळे राहतात. मालकाच्या वहीत लांबी ५०००च. त्यापलीकडे कोणी डोकावत नाही."

देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट खाते. म्हणजे १०६४ चिन्हांची जागा! (काना-मात्रा वेगळ्या मोजतात बरे, आमची जोडाक्षरे तर महागच पडतात.) पुतण्याने दिलेल्या आज्ञावलीने 'श्लेष अलंकार' या टिपणाच्या मागे मी हिशेब निजवला. पथ्य एकच: टिपण वाढवायचे नाही, वाढवले की श्लेष हिशेबावर बसणार.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेला पूर आला आणि शिरोळात पाणी आमच्या गल्लीत शिरले. निघण्यापूर्वी सौ.ने संगणकातले सगळे पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले. "तुमचे एकही टिपण सोडले नाही हो," ती म्हणाली. पण नक्कल करणारा मालकाच्या वहीतली लांबी पाहतो, तेवढे बाइट उचलतो आणि थांबतो. श्लेष वाचला. हिशेब चाळीबरोबर बुडाला. संगणक चिखलाने भरला होता, तो भंगारात गेला.

त्या वर्षी भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर बहिणीने पाकीट पुढे केले. "दादा, आता किती राहिले रे?"

मी चाचरलो.

"अठरा हजार, वन्सं," स्वयंपाकघरातून उत्तर आले. पाठोपाठ सौ. दिनदर्शिका घेऊन बाहेर आली. रेशनकार्डाबरोबर पिशवीत घालून तिने पुरातून तीही नेली होती. दुधाच्या खाड्यांच्या शेजारी पेन्सिलीने एकेक रक्कम मांडलेली.

मी यादी वरपासून वाचली. तीत दोन रकमा अशा होत्या, की त्या मी बहिणीला दिलेल्याच नव्हत्या.