चुलीतली सर्टिफिकेटं

सरकारला एखाद्या माणसाचं भलं करायची लहर आली, की त्या माणसाने चार दिवस गावाला निघून जावं, असं माझं नोकरीच्या वीस वर्षांनंतरचं मत झालं आहे. गिरणी कामगाराचं भलं करायला सगळेच निघाले होते. शेवटी गिरण्यांच्या जागी मॉल उभे राहिले. गेली काही वर्षं पाळी मास्तरांची आहे. मास्तरांचा 'व्यावसायिक विकास' जोरात चालू आहे.

मी बँकेतला कारकून, शिक्षण बी.कॉम. शिक्षणशास्त्र मला कळत नाही. पण जमा आणि नावे या दोन बाजू बऱ्यापैकी कळतात. शिवाय आमच्या घराण्यात मास्तरकी इतकी पसरली आहे, की लग्नात पंगतीला गलका झाला तर वाढपी थांबतात आणि तिसऱ्या पानावरून कुणीतरी "हाताची घडी, तोंडावर बोट!" म्हणून ओरडतं. तेव्हा या विषयावर तावातावाने बोलायचा मला वारसाहक्कच आहे.

तर हा विकास कसा होतो ते पाहा. 'दीक्षा' नावाचा सरकारी मंच २०१७ साली सुरू झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये 'निष्ठा' आली. देशातल्या सुमारे ४२ लाख शिक्षकांना प्रशिक्षित करायचं, असा तिचा संकल्प. २०२० साली करोनाने शाळांना कुलपं लागली, तशी निष्ठा मोबाइलवर आली आणि प्राथमिक शिक्षकांसाठी तिची अठरा मॉड्यूल्स निघाली. आधी दीक्षा, मग निष्ठा. आता 'समाधी' तेवढी यायची राहिली आहे.

असल्याच एका ऑनलाइन वर्गाला आमच्या मेहुणीबाई बसल्या होत्या. बसल्या होत्या म्हणजे उभ्या होत्या, ओट्याशी. मोबाइल पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवलेला. त्यात कुणी तज्ज्ञ 'आनंददायी वातावरणनिर्मिती' समजावून सांगत होते आणि या मिक्सरवर चटणी फिरवत होत्या. मी म्हटलं, "ताई, ऐकू येतंय का काही?" त्या म्हणाल्या, "भावजी, ऐकायचं नसतं, संपवायचं असतं. व्हिडिओ पूर्ण चालला की पुढचं कुलूप उघडतं." शेवटी प्रश्नमंजूषा आली. तिची उत्तरं शिक्षकांच्या ग्रुपवर सकाळीच येऊन पडली होती. दहा मिनिटांत प्रमाणपत्र उतरलं. चटणी मात्र छान झाली होती.

तुम्ही म्हणाल, हा मेहुणीबाईंचा दोष. मी म्हणतो, नाही. याच बाई एका आडव्यातिडव्या अक्षराच्या पोराला 'ट' आणि 'ठ' यांतला फरक कळावा म्हणून दोन रात्री पुठ्ठे कापत बसल्या होत्या. त्याचं प्रमाणपत्र कुणी दिलं नाही, मागितलंही नाही. शिकायची हौस असलेल्या बाईला जे प्रशिक्षण कामचुकार करतं, त्यात खोट बाईची की प्रशिक्षणाची?

त्यात पगाराची गाठ. महाराष्ट्रात मास्तरला बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, चोवीस वर्षांनी निवड श्रेणी. आणि दोन्हींच्या दारावर प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र पहारेकऱ्यासारखं उभं. शिकण्याला एकदा वेतनश्रेणीचा धागा बांधला, की माणूस शिकतो की धागा ओढतो, हे ओळखणं ब्रह्मदेवालाही कठीण.

या पार्श्वभूमीवर मला पेण तालुक्यातलं गागोदे बुद्रुक आठवतं. बुद्रुक म्हणजे मोठं, थोरलं. गाव मोठं झालं ते वस्तीने नव्हे, एका मुलामुळे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी तिथे विनायक नरहरी भावे जन्माला आला. पुढे जगाने त्याला विनोबा म्हटलं. या विनायकाने १९१६ साली, इंटरची परीक्षा तोंडावर असताना, आई स्वयंपाक करत होती तिथे बसून आपली सगळी सर्टिफिकेटं जाळून टाकली. आईने विचारलं, राहिली असती तर काय बिघडलं असतं? मुलाचं म्हणणं असं, की नोकरीची वाटच बंद करून टाकलेली बरी. मग परीक्षेसाठी म्हणून मुंबईच्या गाडीत बसलेला हा मुलगा सुरतला उतरला आणि काशीला गेला.

बँकेतला माणूस म्हणून सांगतो, ही गोष्ट ऐकली की माझ्या अंगावर काटा येतो. आमच्याकडे मूळ कागद हरवला तर प्रतिज्ञापत्र, पोलिसात तक्रार आणि वर्तमानपत्रात जाहिरात एवढं करावं लागतं. हा गृहस्थ आपल्या हाताने मूळ प्रती जाळतो आणि पुढे जन्मभर शिकत राहतो; भाषांवर भाषा, धर्मग्रंथांवर धर्मग्रंथ. एकाही भाषेचं सर्टिफिकेट नाही!

आता अठरा मॉड्यूल्सचा दुसरा एक अभ्यासक्रम सांगतो. काळ १९३२, स्थळ धुळ्याचा तुरुंग. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक, अशी गीतेच्या अठरा अध्यायांवर विनोबांनी अठरा प्रवचनं केली. श्रोत्यांत एक मास्तर होते. अमळनेरच्या शाळेतली नोकरी १९३० साली सोडून चळवळीत पडलेले. त्यांनी ती प्रवचनं जशी कानावर पडली तशी लिहून काढली. म्हणून 'गीता प्रवचने' आज आपल्या हातात आहे. या मास्तरांना आपण साने गुरुजी म्हणतो.

प्रशिक्षण म्हणतात ते हे. ना क्यूआर कोड, ना चहा-बिस्किटं, ना 'अभिप्राय पत्रक'. हजेरीची काळजी नव्हती, कारण बाहेर जायची सोयच नव्हती. पण असे पुष्कळ कैदी असतात. फरक असा, की शिकवणाऱ्याला सांगण्यासारखं काही होतं आणि ऐकणाऱ्याला ऐकायचं होतं. आपल्या अठरा मॉड्यूल्सना या दोन गोष्टी सोडून बाकी सगळं पुरवलेलं आहे.

भाषेनेसुद्धा हे आपल्याला आधीच सांगून ठेवलं आहे. 'शिकवणे' हे 'शिकणे'चं प्रयोजक रूप. म्हणजे आधी कुणीतरी शिकतं, मग दुसरा त्याला त्यात मदत करतो. आणि 'शिक्षा' हा शब्द संस्कृतातल्या 'शक्' धातूच्या इच्छार्थी रूपापासून आला आहे: समर्थ होण्याची इच्छा. ही इच्छा परिपत्रकाने उत्पन्न होत नाही. मराठीने शिक्षा या शब्दाचा अर्थ दंड असा करून ठेवला. मराठी पूर्वजांनी प्रशिक्षण वर्ग आधीच पाहिले असावेत.

गंमत म्हणजे सरकारी कागदालाही हे ठाऊक आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय, की प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान पन्नास तास स्वतःच्या विकासासाठी द्यावेत, आणि तेही स्वतःच्या आवडीनिवडीनुसार. पन्नास तास सगळ्यांनी वाचले. आवडीनिवडीपाशी आल्यावर बहुधा साहेबांची जेवणाची सुट्टी झाली.

यात खर्ची काय पडतं, तेही मांडू. दोनशिक्षकी शाळेतला एक मास्तर प्रशिक्षणाला गेला, की दुसऱ्याकडे चारही इयत्ता. पहिलीला पाटी, दुसरीला पाढे, तिसरीला शुद्धलेखन, चौथीला 'या तिघांवर लक्ष ठेवा'. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात म्हटलंय, की जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या कामाला जुंपू नये. पण प्रशिक्षण हे तर शिक्षणाचंच काम! त्यामुळे वर्ग रिकामा ठेवायचा तो सर्वांत कायदेशीर मार्ग ठरला. आमच्याकडे एक खिडकी बंद राहिली तर ग्राहक मॅनेजरच्या केबिनपर्यंत जातात. पहिलीतलं पोर कुठल्या केबिनपर्यंत जाणार?

आता विरोधी पक्षाचंही ऐकू. "मास्तरांवर सोडलं तर ते काही शिकणारच नाहीत," असं वरची मंडळी म्हणतात. काही नाही शिकणार, मान्य. आमच्या बँकेतही असे नग आहेत. त्यांना आजवर चार प्रशिक्षणांना धाडलं, ते चारही ठिकाणच्या जेवणाची तुलना अजून करतात. न शिकणारा सक्तीने शिकत नाही, तो फक्त सही करायला शिकतो. सक्तीचा त्रास होतो तो शिकणाऱ्याला. आणि ज्या मास्तरवर स्वतःचे पन्नास तास सोपवायची आपली छाती होत नाही, त्याच्यावर आपण स्वतःचं पोर दिवसाला सहा तास कसं सोपवतो, याचंही उत्तर त्या मंडळींनी द्यावं.

प्रशिक्षणच नको, असं मी मुळीच म्हणत नाही. मास्तरला शिकायला मिळालंच पाहिजे, आमच्यापेक्षा जास्त मिळालं पाहिजे. आमची चूक संध्याकाळी हिशेब जुळवताना सापडते. मास्तरची चूक पंधरा वर्षांनी मोठी होऊन रस्त्यावर भेटते. विनोबांनी १९६८ साली 'आचार्यकुल' काढलं तेव्हा त्यांचा आग्रह होता, की न्यायखातं जसं सरकारच्या हाताखाली नसतं, तसं शिक्षणही नसावं. शिक्षकाने पक्ष आणि सत्ता यांच्यापासून मोकळं राहावं. एवढं मोठं मागायची माझी ऐपत नाही. मी कारकून आहे, किरकोळ मागतो.

पन्नास तासांतले निम्मे तरी मास्तरच्या नावावर जमा करा आणि ते त्याने कसे काढायचे ते त्याला ठरवू द्या. त्याला शेजारच्या तालुक्यातली एखादी चांगली शाळा दिवसभर पाहू द्या. केंद्राच्या महिन्याच्या शिक्षण परिषदेत माहितीचे तक्ते गोळा करण्याऐवजी 'माझ्या वर्गातलं हे पोर वाचत का नाही' एवढ्यावर दहा मास्तरांना भांडू द्या. पुस्तकांना चार पैसे द्या आणि कुठली घ्यायची ते सांगू नका. मास्तर बाहेर गेला तर त्याच्या वर्गावर बदली माणूस पाठवा. आणि पगारवाढ द्यायची तर वर्गातलं काम पाहून द्या. प्रमाणपत्राची अट काढा, म्हणजे खरोखर शिकायला कोण येतं ते आपोआप कळेल.

शेवटची एक मागणी. प्रशिक्षण ठरवणाऱ्या प्रत्येक साहेबाने वर्षातून एक आठवडा पहिली ते चौथीच्या एकत्र वर्गावर एकट्याने उभं राहावं. या प्रशिक्षणाचं मूल्यमापन करायला मुलं एका पायावर तयार आहेत. साहेबांनी फक्त लक्षात ठेवावं, की उत्तरं सकाळी ग्रुपवर येणार नाहीत.