'ली' लावणाऱ्या मास्तरांनो...

परवा भाच्याने नोकरीचा अर्ज तपासायला पाठवला. तिसऱ्याच ओळीत सापडलं - 'आय हॅव ऑलवेज वर्क्ड हार्डली.' म्हणजे, मी आजवर जेमतेमच काम केलंय! आणि हाच अर्ज आधी चार ठिकाणी जाऊन आलेला. मला हसू आवरेना, तर पोरगं रडवेलं झालं. "मामा, शाळेत सांगितलं होतं ना, क्रियाविशेषण करायचं तर ली लावायचा!"

माझा राग आहे तो या नियमावर. क्विकचं क्विकली होतं म्हणून हार्डचं हार्डली होत नाही हो. हार्ड, फास्ट, लेट ही जशीच्या तशी क्रियाविशेषणं आहेत. जुन्या इंग्रजीत अशा शब्दांना शेवटी एक स्वर लागून क्रियाविशेषण व्हायचं. पुढे तो स्वर उच्चारातून गळला आणि दोन्ही रूपं सारखी झाली. 'ली'वाले भाऊबंद वेगळ्याच वाटेने गेले. लेट म्हणजे उशिरा, लेटली म्हणजे अलीकडे. नियर जवळ, नियरली जवळजवळ.

गंमत म्हणजे मराठी बोलताना आपण कधी चुकत नाही. "हार्डली पाच मिनिटं लागतील गं आई," हे याच भाच्याचं रोजचं वाक्य. अर्थ तोंडात पक्का बसलाय, वहीतला नियम येऊन तो पुसतो.

आणि आपले शुद्धतावादी भांडतात कशावर, तर 'लिटरली' आणि 'होपफुली'वर! नुसता जोर द्यायला लिटरली वापरल्याचा दाखला ऑक्सफर्डच्या कोशात १७६९ सालचा आहे. होपफुलीवर वर्षानुवर्षं नाकं मुरडून झाल्यावर असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०१२ मध्ये तो मान्य करून टाकला. "मी लिटरली मेले" म्हणणारी मुलगी समोर धडधडीत उभी असते, गैरसमज कुणाचा होणार? हार्डलीने मात्र अर्थ उलटा होतो.

'साहेबाला समजतं की' असं कुणीतरी म्हणेलच. समजतं हो. पण शेकडो अर्जांच्या गठ्ठ्यातून एक बाजूला टाकायला तेवढं निमित्त पुरतं.

असो. अर्ज दुरुस्त करून पाठवलाय. ताई, वाचत असशील तर पोराला रागावू नकोस. त्याची ती व्याकरणाची वही तेवढी जपून ठेव, दिवाळीत आलो की मला बघायची आहे.