विचारायचंच असेल, तर हे विचारा

क्रूझवरून आम्ही परत आलो त्याला आता वर्ष उलटून गेलं, तरी त्याचा हिशेब अजून माझ्याकडून मागितला जातोय. बस्तीत अभिषेक संपून बाहेर पडताना मागतात, हळदीकुंकवात वाण घेता घेता मागतात, फोनवर मागतात. 'माझ्याकडून' असं मुद्दाम म्हणते. गेलो होतो दोघं, हिशेब मात्र एकटीचा. आमच्या ह्यांना समाजातल्या एकाही गृहस्थानं 'कशाला गेला होता?' असं विचारलेलं नाही. त्यांना विचारतात, 'माणशी किती पडले हो? खोली बरी होती का? आम्ही पण म्हणतोय यंदा.' आणि मला विचारतात, 'अक्का, रात्री जेवलात काय तिकडं?'

पाप-पुण्य एका घरात राहणाऱ्या दोघांना वेगवेगळं लागतं असं कुठल्या श्रावकाचारात लिहिलंय, ते मला कुणीतरी दाखवावं.

आक्षेप तीन आहेत. पहिला, जैन बाईनं समुद्रावर मौजेसाठी जाणंच बरं नव्हे. दुसरा, जहाजावर दारू नि जुगार असतो, तिथं पाय ठेवणं म्हणजेच दोष. तिसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही, पण खरा तोच आहे: सासू नाही, नातवंडं नाहीत, देवदर्शन नाही, दोघंच कशी गेली?

पहिल्याचं उत्तर आपल्याच घरात आहे. आष्टाह्निकेत सिद्धचक्र विधान मांडलं की मैनासुंदरी-श्रीपालाची कथा आपण ऐकतो. तो श्रीपाल जहाजावरच होता ना? त्याची रयणमंजूषा नवऱ्याबरोबर त्याच जहाजावर होती. धवल सेठानं श्रीपालाला समुद्रात ढकललं, त्यात दोष धवल सेठाच्या मनाचा होता. समुद्राचा नव्हता, आणि नवऱ्याबरोबर जहाजावर चढलेल्या बायकोचा तर मुळीच नव्हता. आपल्या पुराणांतले व्यापारी द्वीपांतराला जाऊनच तर पैसा मिळवत होते. वाहनात न बसण्याचा नियम मुनींना आहे, आर्यिकांना आहे. गृहस्थाला सांगितलंय ते दिग्व्रत. म्हणजे आपली हद्द आपण ठरवायची आणि पाळायची. ती शेजारणीनं ठरवायची असं त्यात नाही.

1893 साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला वीरचंद गांधी गेले. आमंत्रण आत्मारामजी महाराजांना होतं. साधूंना जहाजानं जाता येत नाही, म्हणून त्यांनी वीरचंदांना पाठवलं. जैन धर्म काय आहे हे त्या परिषदेत त्यांनी सांगितलं, आणि समुद्र ओलांडला म्हणून समाजातल्याच लोकांनी त्यांना विरोध केला. आज त्यांचं नाव आपण अभिमानानं घेतो. मी काही धर्मप्रचाराला गेले नव्हते, चार दिवस बसायला गेले होते. पण 'समुद्र' हा आक्षेप तेव्हाच म्हातारा झाला होता, एवढं तरी कबूल करा.

दुसरा आक्षेप दारू-जुगाराचा. होतं तिकडं दोन्ही. आम्ही त्या बाजूला फिरकलो नाही, आणि कुणी हात धरून नेलंही नाही. पण मला सांगा, शनिवारी दुपारी बेळगावातून चोर्ला घाटानं गोव्याला ज्या गाड्या उतरतात, त्यात आपल्या लोकांच्या गाड्या नसतातच काय? पणजीला मांडवीत कॅसिनोची जहाजं उभी आहेत, ती काय कुणाला माहीत नाहीत? तिथं जाऊन आलेल्या माणसाला सोमवारी कुणी विचारत नाही. तो 'कामाला गेला होता.' बाई नवऱ्याचा हात धरून डेकवर उभी राहिली की मात्र सगळ्यांना अनुमोदनेचा दोष आठवतो.

आता तिसरा. यात्रेला जा, कुणी काही म्हणणार नाही. गेलेय की मी. सम्मेदशिखरजीची 27 किलोमीटरची वंदना या पायांनी केलीय, त्याचा आनंद मी कुणाला विकणार नाही. पण यात्रेच्या गाडीतली बाई काय करते ते आठवा. पहाटे तीनला उठून स्टोव्ह पेटवते, पाणी गाळते, पीठ चाळते, बरोबरच्या त्यागींसाठी चौका लावते, सासूच्या गोळ्या सांभाळते, नवऱ्याचे मोजे शोधते. डोंगर चढून आल्यावर पुन्हा पोळ्यांना बसते. त्याला आपण बाईचं 'फिरणं' म्हणतो. पुरुषाची यात्रा होते, बाईची जागा बदलते.

लग्नाला तीस वर्षं झाल्यावर मी पहिल्यांदा तीन रात्री अशा काढल्या की सकाळी डोळे उघडल्यावर 'आज काय करायचं' हा विचार मनात आला नाही. जेवायला काय करायचं, हा. आमचे हे माझ्याशी एवढं सलग कधी बोलले, ते मला आठवत नाही. त्यांच्या वडिलांच्या शेवटच्या दिवसांबद्दल ते त्या डेकवर पहिल्यांदा बोलले, बारा वर्षांनी. घरात कधी वेळ मिळाला असता? कुणीतरी चहा मागितला असता आणि मी उठले असते. नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलणं हा भोगविलास असेल, तर गृहस्थाश्रम म्हणजे काय, तेही ठरवून टाका.

एवढं झाल्यावर आता माझी पाळी. कारण जहाजावर विचारण्यासारखं पुष्कळ होतं, फक्त तुम्ही ते विचारत नाही.

'रात्री जेवलात काय?' या प्रश्नापासूनच सुरू करू. जाहिरातीत 'जैन जेवण मिळेल' असं ठळक होतं. जहाजावर जैन पदार्थांचं वेगळं टेबल होतं, वर पाटीही होती. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. आणि ते टेबल उघडायचं संध्याकाळी साडेसातला. डिसेंबरात मुंबईकडं सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. म्हणजे सूर्यास्तानंतर दीड तासानं जैन जेवण! आणि त्या टेबलापुढं रांग कुणाची? आपलीच. पाटी बघून समाधान झालं, घड्याळ कुणी बघितलं नाही. बटाटा मोजायला आपण शिकलो, बाकीचं मोजणं कंपनीवर सोडून दिलं.

मी मुदपाकखान्यात निरोप पाठवला, तेव्हा एक मुलगा बाहेर आला. वेंगुर्ल्याकडचा. मराठी ऐकल्यावर हसला आणि म्हणाला, 'ताई, साडेपाचला मुगाची खिचडी देतो, कुणाला सांगू नका, नाहीतर सगळेच मागतील.' तीन दिवस त्यानं ती दिली. मी विचारलं, तुझी सुट्टी कधी असते? म्हणाला, 'करार संपला की.' नऊ महिन्यांचा करार, त्यात आठवड्याची सुट्टी नाही. मुलगी झाली तेव्हा तो बोटीवर होता. फोनवर बघितली.

गोव्यात अशा लोकांना तारवटी म्हणतात. पिढ्यान् पिढ्या कितीतरी घरं बोटीवरच्या पगारावर उभी राहिली, हे कोकण-गोव्याच्या बाईला कुणी सांगायला नको. घर बांधलं जातं आणि बांधणारा त्यात राहत नाही. त्यांच्यासाठी कायदा नाही असं नाही. 2006 चा सागरी कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारतानं तो 2015 मध्ये मान्य केला. त्यात विश्रांतीचा हिशेब असा आहे: 24 तासांत किमान 10 तास, आठवड्यात किमान 77 तास. नीट वाचा. 10 तास विश्रांती म्हणजे एखाद्या दिवशी 14 तास काम नियमात बसतं. माझ्या तीन रात्रींच्या विश्रांतीमागं कुणाची तरी विश्रांती कापलेली होती. हिंसा कृत असते, कारित असते, अनुमोदित असते, हे पाठशाळेतल्या पोरालाही पाठ असतं. मग 'तिथं काम करणाऱ्याला झोप मिळते काय?' हा प्रश्न मला वर्षभरात एकीनंही का विचारला नाही?

दुसरा प्रश्न ताटाचा. बुफेत लोक ताटं डोंगरासारखी भरत होते आणि अर्धी टाकत होते. पैसे आधी भरलेले, मग हात कशाला आखडायचा? आपली माणसंही त्यात होती, जैन टेबलावरची जिलेबी टाकून दिली की ती टाकलेली धरत नाहीत असं त्यांना वाटत असावं. हे टाकलेलं अन्न जातं कुठं? जहाजांसाठीचा जागतिक नियम असा, की किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या, म्हणजे साधारण 22 किलोमीटरच्या पलीकडं अन्नाचा कचरा समुद्रात सोडता येतो. बारीक दळलेला असेल तर बहुतेक ठिकाणी 3 मैलांच्या पलीकडंही चालतो. प्लास्टिक टाकायला मात्र कुठंच परवानगी नाही. मैलापाण्यालाही असेच मैल ठरलेले आहेत. घरी आपण पाणी दुहेरी फडक्यातून गाळतो आणि गाळलेले जीव परत विहिरीत सोडतो. बोटीवर आपल्या ताटातलं उरलेलं कुठल्या पाण्यात पडतं, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही. गरज नसताना केलेली नासाडी म्हणजे अनर्थदंड. त्याचा त्याग हे श्रावकाचं व्रत आहे, आणि ते कांद्याइतकंच जुनं आहे.

कुणी म्हणेल, मग घरीच बसा. हे सगळ्यात सोयीचं उत्तर आहे, कारण घरी बसायचं कुणी, तर बाईनंच. हे पुन्हा जाणार, मुलं जाणार, टूरवाले जाणार, जैन ग्रुपच्या खोल्या शंभर शंभरानं बुक होणार. बाई घरी बसली म्हणून एकाही तारवट्याला तासभर जास्त झोप मिळणार नाही.

उलट, या शंभर खोल्यांत ताकद आहे. आपण एवढ्या संख्येनं जातो म्हणूनच त्यांनी ते टेबल मांडलंय. आपण मागितलं म्हणून कांदा निघाला, तर मागितल्यावर वेळही बदलेल. पैसे भरण्याआधी ग्रुप नेणाऱ्याला विचारा: जेवण सूर्यास्ताच्या आत मिळणार काय? थोडं वाढून घ्यायची लहान ताटं ठेवणार काय? उरलेल्या अन्नाचं काय करता? खोली झाडणाऱ्या, ताट उचलणाऱ्या माणसांना किती तास काम असतं? बक्षिसी त्यांच्या हातात पडते की बिलात जिरते? उत्तर मिळालं नाही तर दुसरा ग्रुप बघा. एका घरानं विचारलं तर हसतील, शंभरांनी विचारलं तर वही काढतील.

आम्ही पुन्हा जाणार आहोत, दोघंच. आल्यावर बस्तीच्या पायरीवर मला जरूर अडवा. फक्त हे पाच प्रश्न विचारा, आणि आमच्या ह्यांनाही थांबवून तेच विचारा.