सायकलीवरचा कॅमेरा : गरज की परिग्रह?



बार्शीहून एका भगिनींचे पत्र आले आहे. यजमानांचे भुसार मालाचे दुकान. दोन वर्षांपूर्वी मधुमेहाचे निदान झाले, डॉक्टरांच्या सल्ल्याने पहाटेची सायकल सुरू झाली, आणि आता साखर आटोक्यात आहे. इथवर सर्व ठीक. परंतु यजमानांनी सायकलीवर नेण्यासाठी एक छोटा डिजिटल कॅमेरा घेण्याची इच्छा बोलून दाखवली आणि घरात वाद उभा राहिला. भगिनींचा प्रश्न रोखठोक आहे. घरात माणशी एक फोन आहे, प्रत्येक फोनात कॅमेरा आहे आणि उभयतांनी परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतलेले आहे. अशा घरात हे नवे यंत्र आणणे कितपत योग्य? मात्र नकार दिल्यावर यजमान गप्प बसतात आणि त्यांचे ते गप्प बसणे आपल्याला पाहवत नाही, असेही त्यांनी प्रांजळपणे लिहिले आहे.

पत्र वाचताना आरंभी मी भगिनींच्याच बाजूचा होतो. आमचा पुण्यातील सहा-सात जणांचा सायकल गट आहे. दर रविवारी बिबवेवाडीतून निघून आम्ही कात्रजचा जुना घाट चढतो, कधी बोपदेव घाटाने सासवडच्या बाजूला उतरतो. पहिली तीन वर्षे मीही फोनवरच भागवले. ते का भागेना, हे सांगितले म्हणजे निम्मे उत्तर होईल.

पावसाळा नुकताच सरला होता. जुन्या बोगद्याच्या अलीकडच्या वळणावर दरीत धुके साचलेले, आणि त्यावर पहिले ऊन पडत होते. मी थांबलो, फोन काढला. पडद्यावर अडत्याचा निरोप झळकत होता : तुरीच्या भावात फेर आहे, लगेच कळवा. कळवले. मग त्याचा फोन आला. मग दुकानातल्या मुलाला फोन केला. सारे आटोपून मान वर केली तेव्हा धुके विरले होते आणि सोबती बोगदा ओलांडून गेले होते. फोनमुळे गेलेली ही काही एकच सकाळ नव्हे. व्यापाऱ्याच्या फोनात त्याची सबंध पेढी असते. छायाचित्रासाठी तो उघडला की पेढीही उघडते. ज्या दीड तासासाठी डॉक्टरांनी आपल्याला घराबाहेर काढले, तो दीड तास असा परत बाजाराच्या स्वाधीन होतो. केवळ चित्र काढणारे आणि दुसरे काहीही न करणारे यंत्र हवे, हे मला त्या दिवशी पटले.

इतर अडचणीही आहेत. घामेजल्या बोटांना फोनचा पडदा दाद देत नाही. चढावर चित्रे काढीत राहिले तर बॅटरी उतरते, आणि रस्त्यात काही बरेवाईट झाले तर घरी कळवण्यासाठी तोच फोन जिवंत असावा लागतो.

तथापि कोणताही कॅमेरा घेतला की काम झाले, असे मुळीच नाही. येथे पुष्कळांची फसगत होते. दुकानदार मेगापिक्सेलचा आकडा सांगतो आणि आपण आकड्याला भुलतो. पाहायचा असतो तो सेन्सर, म्हणजे ज्या चकतीवर प्रकाश पडून चित्र उमटते तिचा आकार. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांत तो साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर असतो. क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मिलिमीटर. ज्याला ‘एक इंची’ म्हणतात तो प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे चौपट मोठा. (एक इंच त्यात कोठेच सापडत नाही, हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या नळ्यांवरून चालत आले आहे. आपल्या बाजारातही अशी जुनी मापे टिकून असतातच.) गोदामाची जागा तेवढीच ठेवून पोत्यांची संख्या वाढवली तर प्रत्येक पोते लहानच होणार; सेन्सर न वाढवता मेगापिक्सेल वाढवणे हा त्यातलाच प्रकार. पहाटेच्या मंद उजेडात तर हा फरक लगेच दिसतो. आजच्या चांगल्या फोनांतील मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर त्या स्वस्त कॅमेऱ्यांपेक्षा मोठा असतो. म्हणून माझे स्पष्ट मत असे की फोनहून सरस नसलेला स्वस्त कॅमेरा घेणे, हाच खरा परिग्रह. तो चार दिवस मिरवतो आणि मग कपाटात जातो.

दुसरी कसोटी सायकल स्वतःच लावते. कॅमेरा बॅटरीसह पाव किलोच्या आसपास असावा. तीनशे ग्रॅमपलीकडे गेला की तो घरीच विसरण्याची सवय लागते. भिंगावरचे झाकण आपोआप उघडणारे हवे, कारण वेगळे झाकण पहिल्याच महिन्यात घाटात हरवते. बटण दाबल्यापासून दोन-तीन सेकंदांत तो सज्ज व्हावा. आणि तो एका हाताने काढता, चालवता व परत ठेवता यावा. दुसऱ्या हाताला सायकल सांभाळायची असते.

या कसोट्यांना उतरणारे, माझ्या पाहण्यातले तीन कॅमेरे सांगतो. सोनीचा आरएक्स१०० हा २०१२ साली आला. एक इंची सेन्सर, वजन २४० ग्रॅम, झूमही कामापुरता. त्याच्या पुढे बऱ्याच आवृत्त्या निघाल्या आणि किंमतही चढत गेली. रिकोचा जीआर-३ हा २०१९ चा. २५७ ग्रॅम वजनात त्याचा सेन्सर स्वस्त कॅमेऱ्याच्या सुमारे तेरापट मोठा आहे. झूम अजिबात नाही. दूरचे हवे असेल तर पायांनी जवळ जायचे. चित्राच्या दर्जाने तिघांत तोच वरचढ. परंतु पाऊस आणि धूळ यांपासून संरक्षण या दोहोंनाही नाही, आणि आपल्या रस्त्यांवर धूळ ही बारमाही सोबतीण आहे. बाहेर येणारे-आत जाणारे भिंग भात्यासारखी हवा ओढते आणि हवेबरोबर धूळही. तिसरा ऑलिंपसच्या टफ मालिकेतला. ही मालिका आता ओएम सिस्टिम या नावाने निघते आणि २०२३ चा टीजी-७ हा तिच्यातला अलीकडचा. वजन २४९ ग्रॅम. भिंग बाहेर येतच नाही. पंधरा मीटर पाण्याखाली चालतो आणि २.१ मीटरवरून पडला तरी सोसतो, असा कंपनीचा दावा. पण सेन्सर मात्र तोच, २८ चौरस मिलिमीटरचा.

मग जो पावसाळ्यातही सायकल सोडत नाही त्याने टफ घ्यावा. सह्याद्रीच्या पावसात फोन बाहेर काढण्याचे धैर्य होत नाही तेथे हा काढता येतो, आणि तेवढ्यापुरता तो फोनहून सरस ठरतो. बार्शीसारख्या कमी पावसाच्या मुलखात मात्र मी एक इंचीचीच शिफारस करीन, आणि तोही जुना, वापरलेला. नव्या आवृत्त्यांतील बहुतेक सुधारणा सायकलस्वाराच्या कामाच्या नाहीत. वापरलेला घेताना भिंगाचे छिद्र लहानात लहान करून पांढऱ्या भिंतीचे चित्र काढावे. सेन्सरवर धूळ असेल तर करडे ठिपके उमटतात आणि विक्रेत्याशी बोलणे सोपे जाते. नवा घेतल्यास पक्के बिल घ्यावे. डिजिटल कॅमेऱ्यावरील जीएसटी पूर्वी २८ टक्के होता, तो १८ टक्क्यांवर येऊनही काही वर्षे झाली. तेवढे वाचवण्यासाठी ओळखीच्याकडून बिनबिलाचा माल घेतला तर हमीपत्राचा उपयोग उरत नाही. आणि बंधूंनो, तो पेढीच्या नावावर घेऊन कराची वजावट घेण्याचा मोहही नको. रविवारचा घाट हा आपल्या धंद्याचा भाग नव्हे.

आता माझी एक चूक. कॅमेरा आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात, बोपदेवच्या उतारावर, चालत्या सायकलीवरून पुढच्या सोबत्याचे चित्र काढण्याची मला बुद्धी झाली. आपल्याकडील बहुतेक सायकलींचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, आणि कॅमेऱ्याचे बटणही उजव्याच हाताला. म्हणजे चित्र काढताना हाती उरतो तो केवळ मागचा ब्रेक, आणि उतारावर एकट्या मागच्या ब्रेकने सायकल वेळेत थांबत नाही. समोर कुत्रे आले, ते वाचले, मी खडीत गेलो. मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे गादीवर बसून धनादेशावर डाव्या हाताने सह्या केल्या आणि बँकेतून प्रत्येक वेळी विचारणा झाली. तेव्हापासून आमच्या गटात नियम आहे : एक पाय जमिनीवर टेकल्याशिवाय कॅमेरा बाहेर निघणार नाही. आणि तो सायकलीच्या सदऱ्याच्या पाठीमागील मधल्या खिशात ठेवू नये. पाठीवर पडलो तर ती कठीण वस्तू थेट मणक्यावर येते. छातीवरून तिरक्या पट्ट्याने बांधलेली लहान पिशवी उत्तम. हँडलवरच्या पिशवीत खड्ड्यांचे हादरे फार बसतात.

ही पिशवी कापडी किंवा नायलॉनची घ्यावी. कॅमेऱ्यांची वेष्टने आणि पट्टे बरेचदा चामड्याचे असतात आणि खरेदीच्या उत्साहात ते लक्षात येत नाही. याच ओघात एक गोष्ट सांगावीशी वाटते. फिल्मच्या काळात आपण पर्युषणाच्या मिरवणुकांचे, दीक्षा-महोत्सवांचे रोलच्या रोल काढले. त्या फिल्मवरचा प्रकाशग्राही थर जिलेटिनचा असतो, आणि जिलेटिन येते ते जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून. मिठाईच्या वेष्टनावरील घटक बारकाईने वाचणाऱ्या आपल्या घरांत हे सहसा कोणाच्या ध्यानी आले नव्हते, माझ्याही नाही. डिजिटल कॅमेऱ्याला ही फिल्म लागत नाही. एवढ्या बाबतीत तरी नवे यंत्र जुन्याहून निर्दोष आहे.

पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते. बुरशी ही आपल्या दृष्टीने अनंतकाय. ती आल्यावर पुसून काढण्यापेक्षा येऊच न देणे, यातच जयणा आहे. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून कॅमेरा ठेवला की पुरे. अशा पुड्या मालाबरोबर आपल्याकडे येतच असतात.

आणि फ्लॅश. शेषकाळात साध्वीजींचा विहार असला की आमच्यापैकी दोघे-तिघे काही अंतर राखून मागे सायकलीने जातात, मागून येणाऱ्या वाहनांना दिसावे म्हणून. एका सकाळी माझ्या कॅमेऱ्याचा फ्लॅश स्वयंचलित राहिला होता आणि दूरवरच्या झाडाचे चित्र काढताना तो लखकन उडाला. विजेचा असा वापर ही तेउकायाची विराधना, हे मला ठाऊक नव्हते असे नाही; यंत्राची मांडणी तपासायची राहिली होती. मिच्छामि दुक्कडं म्हटले. त्यानंतर, विहाराचे एक चित्र दुरून घेऊ का, असे विचारण्याचा धीर केला. साध्वीजींनी नाही म्हटले. कॅमेरा पिशवीत गेला, आणि ती सकाळ चित्राविनाच माझ्याजवळ आहे. तेव्हा कॅमेरा घरी आला की पहिले काम फ्लॅश कायमचा बंद करण्याचे. मंदिरांतही आधी विचारावे. अनेक ठिकाणी गाभाऱ्यात छायाचित्राला मनाई असते.

इतके सारे लिहूनही भगिनींचा मूळ प्रश्न उरतोच : हे हवेच कशाला? याला माझ्याजवळ युक्तिवाद नाही, एक चित्र आहे. आमच्या गटातील सर्वांत ज्येष्ठ सभासद तीन वर्षांपूर्वी गेले. एकाहत्तराव्या वर्षीही ते घाटात आमच्या पुढे असत. श्रद्धांजली सभेसाठी घरचे छायाचित्र शोधू लागले. लग्नसमारंभांतली शेकडो निघाली, सर्वांत फेटा, कोट, आणि फोटोग्राफरने सांगितल्यावर आणलेले हसू. त्यांच्या सूनबाईंनी मला विचारले, सायकलीवरचे एखादे आहे का? होते. घाटमाथ्यावर, एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने शेंगदाण्याची पुडी सोडताना. मला पाहून ते काहीतरी म्हणत आहेत. काय, ते आता आठवत नाही. तेच चित्र त्यांच्या घरी लागले आहे.

तेव्हा ताई, नकार देऊ नका आणि लगेच होकारही देऊ नका. पंधरा वर्षांपूर्वीचा एखादा जुना डिजिटल कॅमेरा आपल्याही कपाटात साड्यांच्या मागे असेलच. तो यजमानांना एक महिना सायकलीवर नेऊ द्या. चित्रे साधारण येतील, त्याकडे पाहू नका. किती सकाळी तो पिशवीतून बाहेर निघाला एवढेच मोजा. दर वेळी निघत असेल, तर नवा घ्या आणि जुना त्याच दिवशी एखाद्या शिकणाऱ्या मुलाला देऊन टाका, म्हणजे घरातील संख्या तेवढीच राहील. दोनदाच निघाला, तर यजमान स्वतःच विषय काढायचे नाहीत. फक्त त्या जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी चार्जरला लावण्यापूर्वी ती फुगलेली तर नाही ना, ते पाहून घ्या.