अर्धी टाकी

मराठीच्या प्राध्यापकाने पेट्रोलच्या टाकीवर लिहावे, हे वाचकांना थोडे विचित्र वाटेल. मलाही वाटते. पण गेल्या वर्षी आमच्या घरात कवितेपेक्षा टाकीचीच चर्चा अधिक झाली, आणि त्या चर्चेचा शेवट असा झाला की ती गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझी थोरली बहीण पुसदला असते. तिचा मुलगा यवतमाळला अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी आला तो अर्थातच मामाच्या घरी राहायला. “अभ्यास करतो की नाही एवढं बघ,” असे सांगून ताईने पोरगा माझ्या स्वाधीन केला. पोरगा अभ्यास करी. फक्त कशाचा, ते मला बरेच उशिरा कळले. कॉलेजातली दहा-बारा मुले मिळून एका भाड्याच्या शेडमध्ये शर्यतीची मोटार बांधत होती! एका माणसाची, चाके उघडी असलेली, बुटकी मोटार. जानेवारीत ती कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’ नावाच्या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत न्यायची होती.

या वेडाचे मूळ म्हणजे अमेरिकेतल्या ‘मिजेट’ मोटारी. रात्री जेवण झाले की चिरंजीव त्यांची चित्रे मला दाखवायचे. मिजेट म्हणजे बुटकी. 1933 साली लॉस एंजेलिसला या मोटारींच्या शर्यती रीतसर सुरू झाल्या. वजन चारशे किलोंच्या आसपास आणि इंजिनाची ताकद तीनशे घोड्यांच्याही वर. मातीच्या लंबगोल मैदानावर त्या अशा आडव्या घसरत पळतात, की पाहणाऱ्याने खुर्ची घट्ट धरून ठेवावी.

मी एकदा सहज विचारले, “अरे, एवढ्याशा गाडीत पेट्रोल ठेवतात कुठे?”

“मामा, शेपटीत. ड्रायव्हरच्या पाठीमागे.”

“पाठीमागे? म्हणजे माणूस टाकीला टेकूनच बसतो?”

“जवळजवळ तसंच.”

त्या दिवसापासून माझे लक्ष इंजिनावरून उडाले आणि टाकीवर बसले.

पुढे महिनाभर भाच्याने मला टाकीपुराण ऐकवले. त्यातले मला उमगले ते असे. टाकी मागे असली की भरलेल्या इंधनाचे वजन मागच्या चाकांवर पडते आणि चाके जमीन नीट धरतात. समजा, टाकीत साठ लिटर मेथॅनॉल आहे. त्याचे वजन झाले सत्तेचाळीस किलो, म्हणजे दहावीतला एखादा मुलगा मागे बसवल्यासारखे. शर्यत जसजशी पुढे जाते तसतसा हा मुलगा विरघळत जातो! सुरुवातीची गाडी आणि शेवटची गाडी या दोन वेगळ्या गाड्या असतात. ड्रायव्हरला फेरीफेरीगणिक हात बदलावा लागतो.

पण खरी कटकट वजनाची नव्हे, हेलकाव्याची. काठोकाठ भरलेली टाकी दगडासारखी गप्प असते. अर्धी झाली की आतले इंधन वळणावर एका बाजूला धावते, ब्रेक लावला की पुढे आदळते, आणि गाडी सावरावी तोच परत फिरून धक्का देते. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण मी इतकी वर्षे वर्गात माणसांना लावत आलो. ती मोटारीलाही लागू पडते हे मला ठाऊक नव्हते. अमेरिकेतल्या या गाड्या मैदानावर सतत डावीकडे वळतात, त्यामुळे इंधन उजवीकडे चढते. म्हणून इंधन ओढणारी नळी टाकीच्या उजव्या, मागच्या कोपऱ्यात बसवतात. तसे केले नाही तर टाकीत इंधन असूनही इंजिन उपाशी मरायचे.

हेलकावा थांबवायला टाकीत भोके पाडलेले आडवे पत्रे घालतात. हे ऐकले आणि मला माझी आजी आठवली. विहिरीवरून घागर आणताना ती पाण्यावर पळसाची दोन पाने टाकायची. लहानपणी मला वाटे, पाणी गार राहावे म्हणून. पाणी हिंदकळून अंगावर सांडू नये म्हणून, असे भाच्याने सांगितले तेव्हा पस्तीस वर्षांनी मला आजी समजली. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही आमची दोन्ही धरणे आटली होती. तेव्हा गल्लीत येणारे ट्रॅक्टरचे टँकर अर्धे रिकामे झाले की वळणावर दारुड्यासारखे झुलत. त्याचेही कारण आता कळले.

शर्यतीच्या गाडीत नुसते पत्रे पुरत नाहीत. तिथे शेपटीच्या कवचाच्या आत मजबूत रबरी कापडाची पिशवी असते आणि पिशवीत स्पंजासारखा सच्छिद्र फोम भरलेला असतो. गाडी आदळली तर पत्रा फाटतो, पिशवी मात्र दबते, वाकते, फुटत नाही. फोमामुळे हेलकावा मोडतो आणि आत ज्वाळाही पसरू शकत नाही. गाडी उलटली तर हवेची वाट आपोआप बंद होईल अशी झडपही असते.

हे शहाणपण माणसांना फुकट मिळाले नाही. 30 मे 1964 रोजी इंडियानापोलिसच्या मोठ्या शर्यतीत दुसऱ्याच फेरीत डेव्ह मॅकडोनाल्डची गाडी भिंतीवर आदळून पेटली. मागून आलेला एडी सॅक्स तिच्यावर धडकला. दोघेही गेले. त्यानंतर नियम कडक झाले, टाक्यांमध्ये रबरी पिशव्या आल्या आणि तिथल्या बहुतेक गाड्यांनी पेट्रोल सोडून मेथॅनॉल धरले. मेथॅनॉलची आग पाण्याने विझते, हा त्याचा मोठा गुण. पण ते पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट लागते, म्हणून टाकी मोठी हवी. शिवाय त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. 1981 साली त्याच मैदानावर इंधन भरताना रिक मिअर्सच्या अंगावर मेथॅनॉल उडून पेटले. माणूस जळतो आहे हे आजूबाजूच्यांना क्षणभर कळेचना. त्याचा चेहरा भाजला, पण तो वाचला.

आमच्या मुलांची गाडी यापुढे अगदीच साधी. सात लिटरची पत्र्याची टाकी, तीत साधे पेट्रोल. ड्रायव्हर आणि टाकी यांच्यामध्ये आगरोधक भिंत. स्पर्धेचे नियम मात्र करडे. टाकी गाडीच्या सांगाड्याच्या आत, सुरक्षित असली पाहिजे. भरताना पेट्रोल सांडले तर ते तापलेल्या भागावर पडता कामा नये. आणि सर्वांत कठीण परीक्षा म्हणजे टाकी खुणेपर्यंत भरून अख्खी गाडी साठ अंशांत कलती करतात. एक थेंब गळला तरी गाडी मैदानात उतरू शकत नाही.

डिसेंबरातल्या एका रात्री नऊच्या सुमारास भाच्याचा फोन आला. “मामा, जेवायला थांबू नका. टाकी सांध्याला पाझरते आहे. सकाळी टेम्पो यायचा आहे, तर आत्ताच वेल्डिंग मारून घेतो.”

मी विचारले, “आत पेट्रोल आहे का?”

“छे! दुपारीच सगळं काढलं. रिकामी आहे.”

फोन ठेवला आणि तो ‘रिकामी’ शब्द माझ्या कानात राहिला. हा शब्द मी याआधी कुणाच्या तरी तोंडून ऐकला होता. कुणाच्या, ते आठवले आणि माझ्या अंगावर काटा आला.

वीस वर्षांपूर्वी मी नोकरीला नुकताच लागलो होतो. तेव्हा माझ्या जुन्या स्कूटरची टाकी गंजून गळू लागली. टाकी काढून, पेट्रोल ओतून मी ती आर्णी रोडवरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. “एवढं एक भोक बुजवा, मला तासाला जायचं आहे.” मिस्त्रीने टाकी हुंगली आणि बाजूला ठेवून दिली. “उद्या या जी मास्तर. आज हिले धुतो, मंग पाणी भरून ठेवतो.”

“अहो, पण रिकामीच आहे की!”

त्याने माझ्याकडे पाहिले आणि डाव्या हाताची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी आक्रसलेली होती. “भरली टाकी सांगते तरी, का म्या भरली हावो. रिकामी टाकी खोटं बोलते. ह्या हाताले इचारा. लहान भाऊ संगं होता माह्या. तो नाही राहिला.”

मी तासाला पायी गेलो.

त्या रात्री शेडपर्यंतचे दोन किलोमीटर मी कसे गाठले ते सांगत नाही. मुले वेल्डिंगचा होल्डर हातात घेऊन उभीच होती. एकाने काळी काच डोळ्यांवर ओढलेली. मी दारातूनच ओरडलो, “बटण बंद करा!” वर्गात तीस वर्षांत मी इतका मोठा आवाज काढणार नाही. मुले चपापली. मला इंजिन कळत नाही, हे त्यांना ठाऊक होते. मी मिस्त्रीची गोष्ट सांगितली. कोणी बोलेना.

मग भाचाच हळू आवाजात सांगू लागला, आणि सांगता सांगता त्याचा चेहरा उतरत गेला. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगीने भडकते. त्याहून कमी असली तर पेटत नाही, जास्त असली तरी पेटत नाही. भरल्या बंद टाकीत वरच्या जागेत वाफ इतकी दाट असते की तिला पेटायला हवा पुरत नाही. टाकी रिकामी केली म्हणजे नेमकी तेवढी हवा आत येते. सात लिटरच्या टाकीत सांध्याला पाव चमचा पेट्रोल चिकटून राहिले तरी स्फोटाची सगळी तयारी झाली. “हे आम्ही परीक्षेत लिहिलंय, मामा,” तो म्हणाला.

मी रागावलो नाही. परीक्षेत लिहिलेले वेळेवर आठवत नाही, हे आमच्या धंद्याचे दुखणे जुनेच आहे.

सकाळचा टेम्पो मुलांनी पुढे ढकलला. जुनी टाकी कोणी हाताळू नये म्हणून तोंडापर्यंत पाण्याने भरून ठेवली. दोन दिवसांत कोऱ्या पत्र्याची नवी टाकी केली, पेट्रोल कधी न पाहिलेली. तिच्यात भोकांचे दोन आडवे पत्रे बसवले. कुणीतरी खडूने त्यांवर लिहिले होते, ‘पळसाची पाने’. कोइमतूरला गाडी साठ अंशांत कलती केली तेव्हा एक थेंब गळला नाही. शर्यतीत पाचव्या फेरीला साखळी तुटली आणि गाडी ढकलत आणावी लागली, हा भाग वेगळा. चारी मुले धडधाकट ढकलत होती, एवढे मला पुरे.

दिवाळीत घरोघर साफसफाई होते. जिन्याखाली, गच्चीवर, गाडीच्या डिकीत एखादा पेट्रोलचा रिकामा डबा किंवा थंड पेयाची बाटली निघते. ‘रिकामीच तर आहे’ म्हणून ती पणत्यांजवळ, फटाक्यांजवळ ठेवली जाते. पोरे तिच्यावर फटाका लावून उडवतात. वाचकहो, तिला भरलेल्या डब्याहून अधिक मान द्या. झाकण घट्ट लावून ती घरापासून, विस्तवापासून दूर ठेवा. पेट्रोल वाहून न्यायला बाटली वापरू नका. आणि गळकी टाकी मिस्त्रीकडे नेलीत आणि तो ‘उद्या या’ म्हणाला, तर घाई करू नका. तो आळशी नसतो.

गेल्या भाऊबीजेला भाचा आणि मी मिळून पुसदला जाणार होतो तसेच याही वर्षी जाणार आहोत. त्या डिसेंबरच्या रात्रीबद्दल आम्ही दोघांनी ताईला अवाक्षर सांगितलेले नाही. पण ताई हा दिवाळी अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. तेव्हा यंदा ओवाळणीच्या ताटाबरोबर मला आणखी काय काय मिळणार, ते आत्ताच दिसते आहे. चालेल. ओवाळून घ्यायला मामा आहे आणि ताटाशी लुडबुडायला भाचाही आहे.