रिमांड होमच्या दाराशी

अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलिसांनी नेले की मोहल्ल्यात आधी कुजबुज होते ती घराच्या अब्रूची. शरमेपोटी काही पालक मुलाला भेटायलाही जात नाहीत. पण त्या वेळी मुलाच्या पाठीशी उभे राहायला कायदा असतो, आणि तो मागून घ्यायला आईबापच लागतात. म्हणून थोडी माहिती प्रत्येक घरात हवी, असे आम्हाला वाटते.

बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. पालकांना कळवावे लागते. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्या दोघांपैकी एक महिला असते.

गुन्हा अजामीनपात्र असला तरी मुलाला जामीन देणे हाच नियम आहे. सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच फसेल, असे वाटले तरच मंडळ नकार देऊ शकते. तेव्हा कारणे नोंदवावी लागतात. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो.

जामीन नाकारला तर मुलाला निरीक्षणगृहात, म्हणजे आपल्या बोलीतल्या रिमांड होममध्ये, ठेवतात. तिथे दार बंद असले तरी देखरेख असते. तपासणी समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा भेट द्यायची असते. तिच्यात एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी हवाच. शिस्तीच्या नावाखाली मुलाला मारणे हा गुन्हा आहे. अंगावर वळ दिसले तर गप्प बसू नका, मंडळाला सांगा.

मुलाचे नाव, फोटो किंवा शाळा जाहीर करणेही गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. व्हॉट्सॲपवर फोटो पुढे ढकलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

शेवटी आमच्या शाळेच्या टेबलावरची गोष्ट. वय ठरवताना आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र पाहतात. ते नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच वैद्यकीय चाचणी. तेव्हा प्रवेशाच्या वेळी जन्मतारीख अंदाजाने सांगू नका. आजच दाखला काढून ती तपासा.