विणू या : मोत्यांच्या बाजारातली जोडी



थंडी आली की सुया बाहेर निघतातच. या वेळी आम्ही बिनबोटांचे हातमोजे आणि त्याला जोड मफलर घेतलाय. कल्पना कतारमधल्या दोहा शहरातल्या सूक वाकिफची. सूक वाकिफ म्हणजे 'उभा बाजार'. २००३ साली तिथे मोठी आग लागली, मग जुन्या धर्तीवर तो पुन्हा उभारला. मोती विकणारे तिथे आजही आहेत.

तेल सापडण्याआधी कतारचा मोठा धंदा मोत्यांचाच. उन्हाळाभर माणसं होडीवर. नाकाला चिमटा, पायाला दगड, आणि एका दमात तळाशी. शिंपल्यांनी कापू नये म्हणून बोटांवर चामड्याच्या टोप्या. वर दोर ओढणारा सोबती, त्याच्या हातात ह्याचा जीव! एवढं करूनही डोक्यावर कर्ज, आणि बापाचं कर्ज पुष्कळदा मुलाकडे यायचं. मोती जायचे आपल्या मुंबईला. नथीतला 'बसरा मोती' तो याच आखातातला. पुढे जपानचे वाढवलेले मोती आले, १९२९ ची मंदी आली आणि धंदा बसला.

त्या लोकांनी बोटं झाकली, आपण मनगट आणि तळवा झाकू. सांधे धरलेल्या हाताला ऊब मिळते, आणि बोटं मोकळी असली की गोळ्यांचं पाकीट उघडता येतं, सिद्दूरचं पान उलटता येतं.

लोकर सायीच्या रंगाची, मध्यम जाडीची, अडीचशे ग्रॅम. सुया चार मिलिमीटरच्या.

मफलर : ४१ टाके घाला. प्रत्येक ओळ एक सुलट, एक उलट, शेवटचा सुलट. दोन्ही बाजूंना मोत्यांसारखे दाणे उठतात. दीड मीटर झाला की टाके बंद करा.

हातमोजे : ३७ टाके. पहिली ओळ एक सुलट, एक उलट, शेवटचा सुलट. दुसरी ओळ उलटाने सुरू करून उलटानेच संपवा. अशा बारा ओळी, म्हणजे मनगट घट्ट बसतं. पुढे मफलरचीच वीण, एकूण वीस सेंटिमीटर होईतो. टाके सैल बंद करा. कडा शिवताना मनगटाकडून बारा सेंटिमीटर शिवा, चार अंगठ्यासाठी सोडा, उरलेले शिवा. दुसराही तसाच.

मुलांनो, मफलर तुम्ही विणा, हातमोजे आजीकडे द्या. आणि दाणे मोजता मोजता तिला विचारा, नथीतले मोती कुठून आले ते.